नागपूरहून पाठवायच्या लिलावातल्या लॉटला कुरिअर चार्ज कसा लावावा?

जुनीपेटी_नागपूर

नमस्कार मंडळी. जुन्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव सुरू करतो आहे. माल तीन प्रकारचा आहे: एलपी रेकॉर्ड, पितळी सामान (अडकित्ते, पानदान, छोटे तांबे) आणि चिनी मातीच्या लोणच्याच्या बरण्या. बहुतेक लॉटची सुरुवातीची बोली शंभर रुपये राहील. बोलीदार देशभरातून येतील.

अडलंय ते पाठवणीच्या खर्चावर. सगळ्यांना सरसकट एकच दर ठेवू, ‘प्रत्यक्ष येईल तो चार्ज’ असं लिहून मोकळा होऊ, की पाठवणी फुकट देऊ? पॅकिंगचे पैसे मागणं रास्त आहे का? एकानेच तीन लॉट घेतले तर? घेणाऱ्याला लुबाडल्यासारखं वाटू नये आणि मीही घरून पैसे घालू नये, एवढंच पाहिजे.

तराजूकाटा

भाऊ, ‘प्रत्यक्ष येईल तो’ हे तर अजिबात लिहू नका. बोलीदार मनात एक एकूण आकडा धरून बसतो. हजारापर्यंत जायचं ठरवलं आणि पाठवणी १५० असेल, तर तो ८५० ला थांबतो. खर्चच माहीत नसेल तर भीतीपोटी ७०० ला थांबेल, नाहीतर ९५० ला जिंकून नंतर तुमच्याशी भांडेल. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

आकडा आधी सांगायचा म्हणजे वस्तू लिलावाला टाकायच्या आधीच तिचा खोका ठरवायचा. फोटो काढून झाले की लगेच खोक्यात घाला, भराव भरा, वजन करा आणि लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. हे चार आकडे लॉटच्या वर्णनातच टाका.

कुरिअरवाले दोन वजनं बघतात, प्रत्यक्ष आणि व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे खोक्याच्या आकारमानावरून काढलेलं. जे जास्त भरेल त्यावर बिल लागतं. व्हॉल्युमेट्रिकचं सूत्र: लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५०००, उत्तर किलोत. काही सरफेस (जमिनीवरून जाणाऱ्या) सेवांमध्ये भाजक ४५०० किंवा ४००० असतो, म्हणजे तोच खोका आणखी ‘जड’ होतो. आपल्या सेवेचा भाजक करारात बघून घ्या.

अडकित्त्याचं सोपं आहे. ३०० ग्रॅमचा अडकित्ता २२ × १२ × ६ च्या डबीत गेला तर व्हॉल्युमेट्रिक वजन जेमतेम ३२० ग्रॅम येतं. पॅकिंगसकट प्रत्यक्ष वजन ४०० च्या घरात, म्हणजे अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये (बिल अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांत लागतं) आरामात. फक्त ५०० ची रेघ ओलांडू देऊ नका. ५१० ग्रॅम झालं की एक किलोचे पैसे.

खरा घोळ बरणीत आहे. समजा बरणी १८ × १८ × २८ ची आहे. आतला खोका २० × २० × ३० आणि त्याभोवती सगळीकडून ५ सेंटिमीटर भराव ठेवून बाहेरचा खोका ३० × ३० × ४०. ३६००० भागिले ५००० म्हणजे ७.२, बिल साडेसात किलोचं. बरणी पॅकिंगसकट साडेतीन किलोची असली तरी. तीच बरणी एकाच ५-प्लाय (पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या) खोक्यात ४ सेंटिमीटर भराव देऊन बसवली तर २६ × २६ × ३६, म्हणजे ४.८७, बिल पाच किलोचं. अडीच किलोचा फरक नुसत्या हवेचा.

आणि खोका फुगवू नका. कुरिअरच्या हबवर मोजमाप फुगलेल्या भागावरूनच होतं. वरचा ३० × ३० × ४० चा खोका लांबी, रुंदी आणि उंचीला एकेक सेंटिमीटर फुगला तर ७.८८ भरतो आणि आठ किलोच्या स्लॅबमध्ये जातो. मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंचे फोटो आणि काट्यावरचा एक फोटो प्रत्येक पार्सलचा ठेवा. नंतर वजनाच्या फरकाचे पैसे खात्यातून कापले गेले, तर तक्रारीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि पुरावा फक्त हाच चालतो.

बोलीबहाद्दर

राजेहो, सरसकट दराबद्दल मी बोलतो. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा इथं खरंच फायदा आहे. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता, चेन्नई, कोणतंही टोक फार दूर पडत नाही. त्यामुळे अंतरामुळे पडणारा फरक किनाऱ्यावरच्या विक्रेत्यापेक्षा कमी राहतो. अर्ध्या किलोच्या आतल्या लॉटला देशभर एकच दर ठेवला तरी कोणावर फारसा अन्याय होत नाही. ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर आणि अंदमान वेगळे काढा. पण बरणीला सरसकट दर लावला की वर्ध्याचा माणूस गुवाहाटीवाल्याचं भाडं भरतो. पाच किलोच्या वर झोननिहाय (भाग आणि अंतराप्रमाणे) तक्ताच पाहिजे.

आता फुकट पाठवणीचं. दुकानात ती चालते, कारण किंमत दुकानदार ठरवतो आणि भाडं त्यात मुरवतो. लिलावात किंमत बोलीदार ठरवतात. शंभराची बरणी दोघांच्याच बोलीत १४० ला गेली तर साडेचारशेचं भाडं कुठून काढाल? मग माणूस सुरुवातीची बोली ६०० ठेवतो आणि लॉट तसाच पडून राहतो.

याच्या उलटी युक्ती म्हणजे बोली एक रुपयापासून आणि पाठवणी चारशे. ती चालते, हेच वाईट आहे. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये ईबे या अमेरिकी लिलावाच्या साइटवरच्या लिलावांचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सीडी आणि व्हिडिओ गेम विकायला ठेवले. एका गटात सुरुवातीची बोली ४ डॉलर, पाठवणी फुकट. दुसऱ्यात बोली १ सेंट, पाठवणी ३.९९ डॉलर. कमीत कमी खर्च दोन्हीकडे सारखाच, तरी दुसऱ्या गटात बोलीदार जास्त आले आणि एकूण रक्कमही जास्त मिळाली. एकूण ८ डॉलर करून त्यातले ६ पाठवणीचे ठेवले, तेव्हा सीडींच्या बाबतीत मात्र तो फायदा उरला नाही. थोडं लपवलं तर खपतं, फार लपवलं तर लोक हिशेब मांडतात.

यात दुसरी गोम कमिशनची. साइट फक्त बोलीच्या रकमेवर कमिशन घेत असेल, तर विक्रेत्याला पैसे बोलीतून काढून भाड्यात सरकवायचा मोह होतो. ईबेने अमेरिकेत २०११ पासून पाठवणीच्या रकमेवरही कमिशन लावलं ते यासाठीच. तुमची साइट कशावर कापते ते आधी तपासा. भाड्यावरही कापत असेल तर तेवढा भार वस्तूच्या किमतीत धरा, भाड्याचा आकडा वाढवू नका.

रेकॉर्डखोका

रेकॉर्डचं मी सांगतो, कारण एकत्र पाठवणीत सगळ्यात जास्त अन्याय इथंच होतो.

बारा इंची एलपी कव्हरसकट साधारण पाव किलोची असते. खोका ३४ × ३४ × ४ धरा. व्हॉल्युमेट्रिक ०.९२, म्हणजे एक किलोचा स्लॅब. तीन एलपी एकत्र असतील तर खोक्याची जाडी फक्त एखादा सेंटिमीटर वाढते: ३४ × ३४ × ५, म्हणजे १.१६, दीड किलोचा स्लॅब. समजा पहिल्या अर्ध्या किलोला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ५०. एका रेकॉर्डचे ११० झाले, तिन्हींचे १६०. तीन लॉटचे वेगवेगळे ११० लावणारा ३३० घेतो, म्हणजे १७० रुपये खिशात. म्हणून लॉटवर दोन आकडे लिहायचे: ‘पहिली रेकॉर्ड ११०, पुढची प्रत्येक २५’. इंधन अधिभार आणि १८ टक्के जीएसटी या आकड्यांत आधीच मिसळून घ्या, नंतर वर लावू नका.

जिंकलेले लॉट किती दिवस थांबवून एकत्र पाठवणार तेही लिहा. पंधरा दिवस पुरेत. त्याहून जास्त थांबलात तर घरात खोक्यांची गंजी लागते आणि कोणाचं काय ते कळेनासं होतं. पैसे मात्र प्रत्येक लॉटचे तीन दिवसांत घ्यायचे, थांबतो तो फक्त माल.

पॅकिंगचे पैसे जरूर घ्या, पण सामानाचे. खोका, बबल रॅप, टेप, पुठ्ठे यांचा खरेदी भाव. ‘हँडलिंग’ नावाखाली स्वतःच्या वेळेचे पैसे लावले की लोकांना ते बरोबर कळतं. रेकॉर्डला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लागतो, आणि एका पुठ्ठ्याच्या नळ्या (आतल्या लहरी) उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे खोका कोणत्याच दिशेने वाकत नाही. तबकडी आतल्या कागदी पाकिटासह कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवा. आत ठेवली तर धक्क्याने कव्हरची शिवण फाटते. लाखेच्या जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या या हिशेबात धरू नका. त्या वाकत नाहीत, थेट तुटतात. त्यांना खोल खोका आणि चहूबाजूंनी भराव लागतो, म्हणून त्यांचा दर वेगळा.

आणखी एक. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात रेकॉर्ड शनिवारी देऊ नका. रविवारभर पत्र्याच्या गोदामात पडली तर ताटासारखी वाकून पोहोचेल. सोमवार-मंगळवारीच पाठवा आणि ‘उन्हाळ्यात पाठवणी आठवड्याच्या सुरुवातीला’ असं लॉटवर आधीच लिहा.

कलम_आणि_पोटकलम

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवून तिची फोड द्यायची असते. डिलिव्हरी, टपाल, हाताळणी आणि कर हे सगळं त्या फोडीत आलं पाहिजे. घरातलं जुनं सामान कधीमधी विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. पण तुम्ही लिलाव नियमित चालवणार असाल, तर त्या सवलतीत स्वतःला धरू नका. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करून शेवटी चार्ज चिकटवणं हा प्रकार २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांतल्या तेरा प्रकारांमध्ये नावानिशी आहे. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

जीएसटी नोंदणी असेल तर वस्तूबरोबर लावलेल्या भाड्यावर सहसा त्या वस्तूचाच दर लागतो, कारण दोन्ही मिळून एकच पुरवठा धरला जातो. ‘भाडं आहे, त्यावर कर नाही’ हा गैरसमज काढून टाका.

विमा हा भाड्याचा भाग नाही, तो वेगळा दाखवा. स्पीड पोस्टचं विमा नसलेलं पार्सल हरवलं तर भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी ते. चार हजारांच्या पानदानाला ती काय पुरणार? ठरावीक किमतीच्या वर विमा सक्तीचा, खाली ऐच्छिक, असं लिहून टाका.

जुनीपेटी_नागपूर

खूप काही मिळालं. दोन शंका उरल्या. भाडं जास्त घेतलं गेलं, तर फरक परत द्यायचा की नाही? आणि माझ्याकडे जुनी पोस्टकार्डं आणि पुस्तकंही आहेत, त्यांना कुरिअर महाग पडेल ना?

तराजूकाटा

फरक परत द्या, पण मर्यादा ठेवून. वीस रुपयांच्या वर फरक असेल तर परत, खाली नाही, आणि कमी पडले तर ते तुमचे. हे एकतर्फी वाटेल, पण मोजमाप तुम्ही केलं होतं, घेणाऱ्याने नव्हे. पावतीचा फोटो ट्रॅकिंग नंबरासोबत आपणहून पाठवला की निम्मे वाद उठतच नाहीत.

पोस्टकार्डांना कुरिअर कशाला? सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत (मुख्य टपाल कार्यालयात) स्पीड पोस्ट करा. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला नागपुरातल्या नागपुरात १९ रुपये आणि बाहेर देशभर ४७, वर जीएसटी. म्हणजे बाहेरगावी साडेपंचावन्नच्या आसपास. पुठ्ठा आणि पाकीट धरून सत्तर रुपये रास्त, दीडशे नाही. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा जुन्या वर्णनातला ‘रजिस्टर्डने पाठवू’ हा पर्याय काढून टाका.

पुस्तकांसाठी मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. पण ते जमिनीवरून जातं, वेळ लागतो. व्यापारी स्वरूपाचं छापील साहित्य आणि नियतकालिकं त्यात घेत नाहीत, म्हणून जुन्या दिवाळी अंकांच्या लॉटला तो दर धरू नका. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. मुखपृष्ठ आणि पहिली पानं गेलेलं पुस्तक असेल तर काउंटरवर आधी विचारून घ्या आणि मगच दर लिहा.

बोलीबहाद्दर

बरणीच्या लॉटवर टाकायला मसुदा देतो, आकडे तुमचे भरा:

‘पॅक वजन ३.५ किलो, खोका २६ × २६ × ३६, आकारमानाने बिल ५ किलोचं. पाठवणी: विदर्भ इतके, उर्वरित महाराष्ट्र इतके, इतर राज्ये इतके, ईशान्य व जम्मू-काश्मीर बोलीआधी विचारा. यात पॅकिंग सामानाचे इतके रुपये आणि सर्व कर धरले आहेत. दुहेरी खोका हवा असल्यास बिल ७.५ किलोचं, जादा इतके. विमा वेगळा. नागपूरच्या इतवारीतून हातोहात नेल्यास पाठवणी व पॅकिंग शून्य. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं विक्रेत्याकडे. नुसतं मन बदललं तर परतीचं भाडं घेणाऱ्याकडे.’

हातोहात नेणाऱ्याकडून पॅकिंगचे पैसे घेणारे लोक मंडईत पिशवीचे पैसे लावणाऱ्यांपेक्षा वरचढ. तुम्ही ते करू नका.

कलम_आणि_पोटकलम

परदेशातून बोली आली तर आधी वस्तूचं वय बघा. शंभर वर्षांहून जुनी पितळी कलाकृती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला लागतो. तो हातात नसेल तोवर त्या लॉटवर ‘पाठवणी फक्त भारतात’ असं लिहा आणि परदेशी भाड्याचा आकडा देऊच नका.