प्रतिसाद: ट्रिम सेन्सर बदलण्याआधी

बोटीच्या ट्रिम गेजचा काटा अधूनमधून उडतो म्हणून नवा ट्रिम सेन्सर (ड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागचं प्रोपेलरचं युनिट, किती वर-खाली आहे ते गेजला कळवणारा) मागवताय, पण आधी मल्टीमीटर लावून बघा. सेन्सरच्या दोन्ही वायरी सोडवून त्यांच्यातला रोध (ओहम) मोजा आणि ड्राइव्ह सावकाश खाली-वर करा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली किंवा सर्किट तुटलं, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. आकडा व्यवस्थित बदलत असेल तर अर्थिंग आणि गेज तपासा, उगाच खर्च नको.

मर्क्रूझर कंपनीच्या ड्राइव्हवर दोन्ही बाजूंना दिसायला सारखेच भाग असतात. उजवीकडचा पोझिशन सेन्सर, डावीकडचा लिमिट स्विच. ड्राइव्ह चालू असताना प्रमाणाबाहेर वर जाऊ नये, हे तो स्विच बघतो. त्यामुळे अदलाबदल अजिबात नको.

वर कोणीतरी जुनी वायर बाहेरच कापून नवी जोडायला सांगितलंय. मला हे पटत नाही. तो सांधा कायम पाण्यात राहणार, आणि तांब्याच्या तारेतून पाणी आत चढतं. इन्सुलेशन सोललं की तार हिरवी-काळी पडलेली दिसते. वेळ लागला तरी वायर सेन्सरपासून ट्रान्सममधून (बोटीची मागची भिंत) आतपर्यंत नवीच ओढा. त्यासाठी ड्राइव्ह उतरवावाच लागला तर बेलोज (पाणी आत येऊ न देणारे रबरी भाते) आणि गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) हेही तपासून घ्या, ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

बसवताना ड्राइव्ह पूर्ण खाली हवा. खुणा जुळवा, स्क्रू हलके आवळा, काटा तळाशी येईपर्यंत सेन्सर फिरवा, मगच घट्ट करा. वर उचललेल्या ड्राइव्हखाली हात घालायचा असेल तर आधी भक्कम टेकू द्या. नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवू नका.