सीएनजीची गाडी सकाळी पहिल्या सेल्फला पेटत नाही, बॅटरी आणि प्लग बदलून झाले

पहाटपाळी:
नमस्कार मंडळी. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय. राहायला आळंदीजवळ, कामाला चाकण एमआयडीसीत. पहिल्या पाळीला साडेपाचला निघावं लागतं आणि नेमकी तेव्हाच गाडी अडते. सेल्फ दमदार फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बराच वेळ सेल्फ मारला की एकदोनदा खोकतं, थरथरत चालू होतं, रेस देऊन धरावं लागतं नाहीतर बंद पडतं. थोड्या वेळाने सीएनजीवर गेली की काही झालंच नव्हतं अशी पळते. चालवून लगेच बंद-चालू केली तर अर्ध्या सेल्फला पेटते. पाळी सुटेपर्यंत उभी राहिली की परत तेच.

गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग चारही प्लग. काडीचा फरक नाही. आता म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उघडायला लागेल. शेजारचे काका म्हणतात हे सगळं वीस टक्के इथेनॉलचं. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. सुरुवात कुठून करू?

घाटरस्ता:
बॅटरी नवीन असली तरी टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरलीय का बघा. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर काढून, घासून परत आवळा. आमच्या गाडीला तेवढ्यानेच गुण आला होता.

पाना_पक्कड:
दादा, ईसीएमला कोणाला हात लावू देऊ नका. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवते, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे.

सेल्फ दमदार फिरतो, म्हणजे बॅटरी, सेल्फ मोटर आणि अर्थिंग ही बाजू जवळजवळ सुटली. घाटरस्ता म्हणतात ते करून घ्यायला हरकत नाही, पण अर्थिंग खराब असती तर सेल्फ रडत फिरला असता किंवा नुसतं 'टक' झालं असतं. मल्टिमीटर असेल तर खात्रीच करा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. हे मोजायला दोन मिनिटं लागतात. बॅटरी बदलायच्या आधी ते मोजलं गेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण पैसे तुमचे गेले.

आता मुद्द्याचं. तुमची गाडी सकाळी पेटते ती पेट्रोलवर, सीएनजीवर नाही. सिलिंडरमधला गॅस २०० बारच्या आसपास असतो, रिड्यूसरमध्ये त्याचा दाब उतरताना तो खूप गार होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. ते पाणी ३०-४० अंशांपर्यंत तापलं की मगच किट गॅसवर जातं. म्हणजे तुमच्या गाडीची पेट्रोलची बाजू दिवसात जेमतेम काही मिनिटं काम करते. ती आजारी असली तर लक्षण दिसणार फक्त सुरुवातीलाच. तुमचं अगदी तसंच चाललंय.

एक सांगा, टाकीत पेट्रोल किती असतं?

पहाटपाळी:
मॅडम, काटा रिझर्व्हलाच असतो. दिवा लागला की शंभर-दोनशेचं टाकतो. सगळं चालवणं गॅसवरच आहे ना.

ठाणे_फेरी:
हे वाचूनच ओळखलं. माझा धंदा गाडीचा आहे, ठाणे-नवी मुंबई. आमच्या लाइनीत सीएनजीवाल्यांचे पेट्रोल पंप ह्याच कारणाने जातात. मी पाव टाकीच्या खाली काटा येऊच देत नाही.

पाना_पक्कड:
बरोबर सांगताय. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला गार ठेवतं. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो, कारण किट फक्त इंजेक्टर बंद करतं. टाकी कोरडी ठेवली की पंप दिवसभर उघडा पडून तापतो.

उद्या पहाटे एवढं करा. सेल्फ न मारता किल्ली ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येईल, तो पंप लाइनमध्ये दाब भरतोय. थांबली की ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पेटली तर समजा की रात्रभरात लाइनचा दाब उतरतोय आणि सकाळी तो भरेपर्यंत तुम्ही सेल्फ मारत बसताय.

तसं निघालं तर पेट्रोलचा दाब मोजायचं गेज असलेल्या मेकॅनिककडे जा. तुमच्यासारख्या इंजिनांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. गाडी बंद केल्यावर तो टिकला पाहिजे. भराभर शून्यावर आला तर दोन शक्यता. एकतर पंपाच्या असेंब्लीतला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा दाबाचा रेग्युलेटर दाब धरत नाही, नाहीतर एखादा इंजेक्टर ठिबकतोय. गाडी काही तास उभी ठेवून प्लग काढायला सांगा. एखादा ओला निघाला, पेट्रोलचा वास आला, तर इंजेक्टर. चारही कोरडे असतील तर संशय पंपावर.

तीनदा किल्ली फिरवूनही फरक पडला नाही तर कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, टेम्परेचर सेन्सर बघू. ओबीडीचं ब्लूटूथ यंत्र लावा, ते ईसीएममधले आकडे मोबाइलवर दाखवतं. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. हवा २० आणि कूलंट ७० दाखवत असेल तर ईसीएमला वाटतं इंजिन गरम आहे, आणि तो पेट्रोल कमी सोडतो. अशा वेळी दिवा लागेलच असं नाही.

घाटरस्ता:
आणि इथेनॉलचं काय? २०१६ च्या गाडीला त्रास होत नाही का?

पाना_पक्कड:
काळजी रास्त आहे. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठीचे रबरी आणि प्लास्टिकचे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत सक्तीचे झाले, ही त्याआधीची आहे. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून रिकाम्या टाकीत जुनं पेट्रोल साठवणं आणखी वाईट. थंड इंजिनात ते पेटायलाही जड. पण दादांची गाडी एका पाळीपुरती उभी राहिली तरी अडते, आणि दुपारी काही थंडी नसते. त्यामुळे एकट्या इथेनॉलवर मी ढकलणार नाही.

पहाटपाळी:
मॅडम, किल्ली तीनदा फिरवली आणि पहिल्या सेल्फला पेटली! लगेच दुसऱ्या गॅरेजला गेज लावून बघितलं. दाब ३ बारच्या थोडा वर गेला आणि बंद केल्यावर मेकॅनिकचा चहा संपायच्या आत काटा शून्यावर. प्लग चारही कोरडे. असेंब्ली बाहेर काढली तर खालची जाळी काळ्या चिकट गाळाने माखलेली. पूर्ण असेंब्ली बदलली, टाकी धुतली. आता पहाटे किल्ली फिरवली की गाडी चालू. बायकोने खिडकीतून विचारलं, एवढ्यात पेटली? पुढे काय सांभाळू?

पाना_पक्कड:
वा, फार बरं वाटलं. टाकी पाव भरलेली ठेवा. आठवड्यातून एखाद्या दिवशी चाकणला जातानाची पूर्ण वाट पेट्रोलवर करा, म्हणजे पेट्रोल ताजं राहील आणि इंजेक्टरही आखडणार नाहीत. आणि किट बाहेरून बसवलंय म्हणून विचारते, सिलिंडरच्या प्लेटवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासण्याची) तारीख आहे ती बघितलीत का? दर तीन वर्षांनी ती करावीच लागते. संपली असेल तर ह्याच महिन्यात उरकून घ्या.