यरीहोची भिंत पडली, पण कधी?

खापरवेडा: ‘यरीहोची भिंत सापडली, संशोधकांनी दडपली’ ही पोस्ट दोन दिवस फिरतेय, म्हणून लिहितोय. बायबलातली गोष्ट अशी: यहोशवाच्या लोकांनी सात दिवस यरीहो शहराभोवती फेऱ्या मारल्या, सातव्या दिवशी सातव्या फेरीनंतर भिंत कोसळली. 1930 च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ गार्स्टँगने पडलेली भिंत दाखवून ती यहोशवाच्या काळातली म्हटली. 1952 ते 1958 मध्ये पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यनने टेल एस-सुलतानच्या, म्हणजे जुन्या यरीहोच्या, त्याच टेकाडात खोल चर घेतला, तर ती भिंत यहोशवाच्या काळाहून जवळपास हजार वर्षं आधीची निघाली. त्यानंतरचं तटबंदीचं शहर जळालं इ.स.पू. 1550 च्या सुमारास. यहोशवाला कुणी 1400 त धरतं, कुणी 1200 त. यात दडपलं काय? त्याच टेकाडात दहा हजार वर्षांपूर्वीचा, साडेआठ मीटर उंच दगडी बुरूज आहे, आत 22 पायऱ्या. त्यावर एक ओळ नाही, याचा जास्त संताप येतो.

नगरची लेक: जळालेल्या घरांत धान्याने भरलेले रांजण सापडले, ते का गाळलंत? वेढा लांबला असता तर धान्य संपलं असतं. लुटारू असते तर उचलून नेलं असतं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, सात दिवस आहेत, सुगी आहे, लुटीची मनाई आहे. माझे आजोबा हा अध्याय वाचताना सातव्या फेरीला उभे राहायचे. पोस्ट मी टाकलेली नाही, पण आमच्या माणसांना अडाणी समजू नका.

खापरवेडा: अडाणी कुठे म्हटलं? रांजणांचं चुकलंच, लिहायला हवं होतं. पण त्याच दाण्यांची कार्बन तारीख 1995 मध्ये आली, तीही इ.स.पू. सोळाव्या शतकातलीच. लाकूड जुनं असू शकतं, दाणा त्याच हंगामाचा असतो.

नगरची लेक: आणि यहोशवाला 1400 त धरणाऱ्या पुरातत्त्वज्ञ ब्रायंट वुडचा 1990 चा आक्षेप? त्या काळात बाहेरून येणारी सायप्रसची मडकी मिळाली नाहीत म्हणून केन्यनबाईंनी तारीख मागे नेली, तीही गरीब वस्तीतल्या छोट्या चरावरून! बाई 1978 ला गेल्या, उत्खननाच्या अहवालाचे शेवटचे खंड त्यानंतर निघाले. तोवर लोकांनी नुसता निष्कर्षच घोकला.

पांढरीचा पोर: चराचा विषय निघालाय म्हणून. केन्यन शिकली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरकडे, आणि त्याच व्हीलरने 1944 मध्ये तक्षशिलेला आपल्या पोरांना थर वाचायला शिकवलं. आमच्या गावच्या पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाचं, काय झालं? माती खताला चांगली म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात गेली. लहानपणी पहिल्या पावसानंतर आम्ही तिथे मणी वेचायचो.

काळी आई: म्हणजे दोष शेतकऱ्याचा? आम्हीही चार ट्रॉल्या नेल्या. साधी पाटी तरी कुणी लावली होती का?

पांढरीचा पोर: पाटी नव्हती, खरंय. पण खापरं चाकाखाली फुटताना दिसत होती ना?

काळी आई: दिसत होती. त्या वर्षी विहीर आटली होती, तेही दिसत होतं.

लोदचा मराठी: आम्ही बेने इस्राएल, कोकणातून इस्रायलला आलेले ज्यू. यरीहोच्या फाट्यावर लाल पाटी आहे, इस्रायली नागरिकांना आत मनाई. 2023 मध्ये टेकाड जागतिक वारसा यादीत आलं, पॅलेस्टाईनच्या नावावर. आई कोकणातून यहोशवाची गोष्ट घेऊन आली. तिला गाडीतूनच खजुराची झाडं दाखवली आणि परत फिरलो.

नगरची लेक: दाण्यांची तारीख मान्य करते. वुडचा मुद्दा सोडत नाही. पांढरीवाले, काही उरलंय का तिथे?

पांढरीचा पोर: देवळामागे पुरुषभर उंचीचा काप आहे. मध्यावर राखेचा बोटभर पट्टा, त्यात काळे पडलेले दाणे. नखाने टोकरलं की भुगा होतो. उघडीप मिळाली की फोटो काढून आणतो.