मदत हवी आहे: मोडीच्या गटातले लोक जुनी वाचनं पुसून चाललेत, जतन कसं करू?

नमस्कार मंडळी,

एका समाजमाध्यमावर (नाव मुद्दाम लिहीत नाही) आमचा मोडीवाचनाचा गट आहे, नऊ वर्षं झाली. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं खरेदीखत सापडतं, ते फोटो टाकतात आणि खाली चार-पाच जाणकार एकेक ओळ लावून देतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे खरं वाचन प्रतिसादांतच होतं. मागे एका कागदावरचं साल ‘सबैन’ की ‘तिसैन’ यावर तीन दिवस जुंपली होती. सत्तर की नव्वद, वीस वर्षांचा फरक हो! शेवटी कागदातल्या पाटलाच्या नावावरून निकाल लागला. मला ते भांडणसुद्धा जपायचं आहे, नुसता निकाल नाही.

आता तिथे नोंदी तारखेप्रमाणे दिसणं बंद झालंय, जुनं काही शोधून सापडत नाही, दर दोन नोंदींमागे जाहिरात. त्यात नव्या अटी आल्या की तुम्ही लिहिलेलं सगळं एआयला शिकवायला वापरू. मंडळी भडकली, आणि रास्त भडकली. सात-आठ जुने सभासद १ तारखेला खाती बंद करणार आहेत. त्यातल्या दोघांनी निषेध म्हणून आपली जुनी उत्तरं पुसायला घेतली. परवा कोकणातल्या एका मुलीचा मेसेज आला, “काकू, आमच्या कागदाखाली आता नुसता फोटो उरलाय.”

तर, हे सगळं उतरवून कसं घ्यायचं? जायचं कुठे? आणि काहीजण म्हणतात निषेधासाठी गट दोन दिवस कुलूपबंद ठेवा, त्याने काही होतं का? मी निवृत्त शिक्षिका आहे, सोप्या भाषेत सांगा.

— ट्रंकवाली काकू

जुनाट_हार्डडिस्क:
काकू, ‘माझी माहिती डाउनलोड करा’ यावर विसंबू नका. त्यात साधारणपणे ज्याचं त्याचंच लेखन मिळतं, इतरांचे प्रतिसाद नाहीत. तरी जाणाऱ्या प्रत्येकाला ती फाइल आधी मागवायला सांगा. ती लगेच येतेच असं नाही, त्यामुळे ३० तारखेच्या रात्री जागे होऊन उपयोग नाही. गट बंदिस्त असेल तर वेबॅक मशीनही (जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साइट) कामाचं नाही, लॉगिनच्या आतलं त्याला दिसत नाही.

राहिला हमाली मार्ग. धागा उघडायचा, ‘आणखी प्रतिसाद’ सगळे उलगडायचे (हे विसरलात तर निम्मं गेलं) आणि पीडीएफ करायची. कागदाचा मूळ फोटो वेगळा उतरवा, पीडीएफमध्ये अक्षरं फुटतात. नऊ वर्षं, नऊ माणसं, प्रत्येकी एक वर्ष. जे पुसायला निघालेत त्यांचे धागे आज रात्रीच करा.

रात्रपाळी:
कुलुपाबद्दल. २०२३ मध्ये रेडिट या चर्चागटांच्या साइटने बाहेरच्या अ‍ॅपना डेटा पुरवायचे पैसे लावले. रेडिट वाचायच्या अपोलो अ‍ॅपच्या क्रिस्टियन सेलिगने हिशोब मांडला: डेटाच्या ५ कोटी विनंत्यांमागे १२,००० डॉलर, म्हणजे अपोलोच्या वापराला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर. १२ जूनपासून रेडिटवरचे आठ हजारांवर उपगट निषेध म्हणून अंधारात गेले, म्हणजे कुलूपबंद झाले. पण बहुतेकांनी ‘४८ तास’ असं आधीच जाहीर केलं होतं. मालकाला परतीची तारीख सांगून संप करतात का कोणी? रेडिटचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलंच की हेही निवळेल. जे बंदच राहिले त्यांच्या चालकांना ‘उघडा, नाहीतर दुसरे नेमू’ अशी तंबी मिळाली. मग फोटोंच्या एका मोठ्या उपगटाने मतदान घेऊन फक्त टीव्हीवरच्या विनोदवीर जॉन ऑलिव्हरचेच फोटो चालतील असा नियम केला. मजा खूप आली, पण ३० जूनला अपोलो बंद झालंच.

त्या दिवसांत गूगलवरून रेडिटच्या उत्तरांवर जाणाऱ्यांना बंद दारं दिसत होती. कंपनीइतकीच झळ वाचकाला बसली. तुमच्याकडे कुलूप लागलं तर उतरवणाऱ्यांचे दोन दिवस फुकट जातील. लावू नका.

हट्टी_हरिदास:
पण उत्तरं त्यांची आहेत ना? पुसली तर बिघडलं कुठे? २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला, तेव्हा लोकांनी आपली उत्तरं पुसली-बदलली, तर साइटने ती पूर्ववत केली आणि खाती निलंबित केली. फुकट राबलेल्या माणसाला एवढाही अधिकार नाही? काकू, तुम्ही गुपचूप पीडीएफ करणार म्हणजे वेगळं काय करताय?

ट्रंकवाली काकू:
हरिदास, टोचलं, पण बरोबर आहे. आज गटात जाहीर लिहिलं: ज्यांना आपलं वाचन जतन व्हायला नको त्यांनी कळवा, वगळते. आणि पुसणाऱ्या एका काकांना फोन केला. आधी अर्धा तास कंपनीचा उद्धार ऐकला. मग म्हणाले, वाचनं माझ्या वहीत आहेत, देतो. खाली नाव हवं आणि एआयच्या तोंडी जायला नको. पहिलं कबूल केलं. दुसऱ्याची हमी मी कशी देणार? प्रयत्न करीन म्हटलं.

ऑर्कुटकालीन:
व्हॉट्सअ‍ॅप गटात मात्र नेऊ नका. चॅट निर्यात करताना फोटोंसकट शेवटचे १०,००० संदेशच निघतात, आणि ‘सबैन’ची भांडणं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जातात. जानेवारी २०२१ मध्ये नव्या अटींवर चिडून आमचं अख्खं खानदान सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपवर गेलं होतं. महिन्याभरात मी आणि एक मावसभाऊ उरलो. सगळे एकदम येतील ही आशा सोडा, वाचणारे चार-पाच आले की गट आला.

डिस्कोर्स हे फोरमचं मुक्त सॉफ्टवेअर बघा. धागे, शोध, बॅकअप सगळं आहे. सर्व्हरचा खर्च मात्र वर्गणीतून काढावा लागेल. ऑर्कुट हे जुनं समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा आमच्या समूहाचं मी काहीच उतरवलं नव्हतं, अजून हळहळतो.

ट्रंकवाली काकू:
वर्गणीचं विचारते. काल रात्रीपासून सहा जण कामाला लागलेत, चार वर्षं वाटून झाली. काकांच्या वहीचे फोटो आले, ४१ कागद आहेत. पण वहीत फक्त शेवटचं वाचन आहे, वादावादी नाही. ‘सबैन’वाल्या धाग्यात पाचजण भांडत होते, त्यातल्या दोघांचे प्रतिसाद आता दिसत नाहीत. इथे आमच्या गटातलं कुणी असेल आणि त्या धाग्याचा स्क्रीनशॉट काढलेला असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोबाइलवरचा अर्धामुर्धा असला तरी चालेल.