क्रिमिनॉलॉजी विथ सायकॉलॉजी: बारावीनंतर घ्यावं का?

गोदाकाठ:
मुलगी बारावी आर्ट्सला आहे. ब्रिटनमध्ये ‘क्रिमिनॉलॉजी अँड क्रिमिनल जस्टिस विथ सायकॉलॉजी’ करून तिला फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गुन्हे आणि कोर्टाच्या कामातली मानसशास्त्रज्ञ, व्हायचंय. एजंट म्हणतो, डिग्रीच्या नावात सायकॉलॉजी आहे म्हणजे झालं. नाशकात राहून काही होतं का? त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत असा कोर्स असतो का?

मनोहर_के:
एजंटवर जाऊ नका. अशा डिग्रीत सायकॉलॉजी दुय्यम विषय असतो. तिकडे सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आधी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची ‘जीबीसी’, म्हणजे तिच्या चार्टर्ड सदस्यत्वासाठीची मूळ पात्रता, लागते. ती सोसायटीने मान्यता दिलेल्या कोर्सलाच मिळते, तीही निदान टू-टू (2:2, म्हणजे खालचा द्वितीय वर्ग) असेल तर. नाही मिळाली की ती मिळवून देणारा वेगळा कन्व्हर्जन कोर्स, म्हणजे पुन्हा फी. त्यापुढे फॉरेन्सिकचं मास्टर्स, देखरेखीखाली काम आणि शेवटी एचसीपीसीची, म्हणजे तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेची, नोंदणी. तिच्याशिवाय ते पदनाम लावताच येत नाही. युनिव्हर्सिटीला मेल टाका, ‘या कोर्सवर जीबीसी मिळते का?’ उत्तर लेखीच घ्या. प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख) किंवा पीडितांसोबतचं काम करायचं असेल तर मात्र डिग्री चांगली आहे.

सिडको_वाचक:
अकादमी भरती झालेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आहे, बाहेरच्यांना प्रवेश नाही. इथे सायकॉलॉजी स्पेशल घेऊन बी.ए. करू द्या. पुढे गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायकॉलॉजीची एम.एस्सी. आहे, मुंबईला टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) क्रिमिनॉलॉजी आहे. क्लिनिकलकडे वळायचं झालं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते. नुसत्या एम.ए.वर ती होत नाही, आणि बरीच मुलं इथेच फसतात.

अ‍ॅड_पंचवटी:
सिरीयलमधला खुन्याचं मन वाचणारा माणूस डोक्यातून काढा. खरं काम कसं असतं ते बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 15 मध्ये बघा. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला हे बाल न्याय मंडळ तपासतं, त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का ते ठरवायला. मुदत, मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिने. मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. नवशिक्यांचे अहवाल पडतात ते इथे: बुद्ध्यांक लिहितात आणि थांबतात. बुद्ध्यांक बरा म्हणजे परिणाम कळत होते, असं होत नाही. शिवाय ही तपासणी म्हणजे खटला नव्हे; मुलाने गुन्हा केलाच असं धरून लिहिलं की वकील तेच पान उघडतो.

गोदाकाठ:
आभार. गणित दहावीनंतर सुटलंय, स्टॅटिस्टिक्स झेपेल का?

मनोहर_के:
सूत्रं झेपतात हो, आकडे वाचताना घोळ होतो. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) तक्त्यात एका एफआयआरमधला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजतात. बलात्कार करून खून केला तर नोंद खुनात. आणि तक्रार वाढली म्हणजे गुन्हे वाढलेच असंही नाही. सुट्टीत तिला ‘क्राइम इन इंडिया’ या त्यांच्या अहवालातला एकच तक्ता तळटीपांसकट वाचायला द्या. कंटाळली तर आत्ताच कळेल.