गच्चीवरील कढीपत्ता, मरवा आणि पुदिना: कोणते सेंद्रिय खत द्यावे?

प्रश्न
सोलापुरात आमच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये कढीपत्ता, मरवा, पुदिना आणि गवती चहा आहे. शेतातील काळी माती व शेणखत निम्मे-निम्मे घेऊन जानेवारीत कुंड्या भरल्या आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला चुलीची राख मूठभर घालत आले. पुदिना फोफावला आहे, परंतु चटणीत त्याचा वास पूर्वीसारखा उतरत नाही. मरव्याच्या काड्या बुडाशी काळ्या पडत आहेत, तर कढीपत्त्याची कोवळी पाने पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. गवती चहाबद्दल काहीच तक्रार नाही. रासायनिक खत वापरायचे नाही. काय द्यावे?

उत्तर 1
सर्वप्रथम राख बंद करावी. आपल्याकडील काळ्या मातीचा सामू (आम्लता-क्षारता दाखवणारा pH अंक) बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि राखेमुळे तो आणखी वाढतो. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, म्हणून नवीन पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे चित्र दिसते. ही उपासमार नव्हे, त्यामुळे आणखी शेणखत घालून ती भागणार नाही. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आल्यास मातीत चुनखडी आहे, म्हणजेच सामू जास्त आहे, असे समजावे. कढीपत्त्याला आंबट ताक पाणी मिसळून देण्याची घरोघरी प्रथा आहे आणि ती निरर्थक नाही, पण तिचा परिणाम तात्पुरता असतो. वरची दोन-तीन इंच माती काढून तेथे पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत भरणे अधिक उपयोगी पडेल.

उत्तर 2
मरव्याला खतापेक्षा हवेशीर माती हवी असते. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत एवढे मिश्रण त्याला पुरेसे आहे. पुदिन्याच्या बाबतीत खत जास्त झाले असावे असे मला वाटते: वास पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतल्या तेलाचा असतो, आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर मिळून पाने भराभर मोठी झाली की तो पातळ होतो. दोन महिने खत देऊ नये, सकाळचे ऊन मिळेल अशी जागा द्यावी आणि फुलावर येण्यापूर्वी छाटावे. गवती चहा मात्र खादाड आहे. प्रत्येक कापणीनंतर त्याला गांडूळखत द्यावे.

उत्तर 3
जीवामृतही द्यावे. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, प्रत्येकी दोन किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे एका एकराचे प्रमाण आहे. कुंड्यांसाठी त्याचा दहावा भागही जास्त होईल. ते खत नसून जिवाणूंचे विरजण आहे, त्यामुळे कुजलेल्या खताला ते पर्याय ठरत नाही. कच्चे शेण कुंडीत थेट घालू नये, कारण त्यातून हुमणी (मुळे खाणारी पांढरी अळी) येते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. व्हिनेगर टाकताच माती फसफसली. मरव्याची कुंडी आज उलटी केली, तेव्हा तळाचे भोक चिकट मातीने पूर्ण बुजलेले आढळले आणि अर्धा पेला पाणी बाहेर आले. वाचलेल्या तीन काड्या वाळूच्या मिश्रणात लावल्या आहेत.