बाळाच्या छातीचा एक्स-रे: न्यूमोनिया की थायमस (छातीच्या वरच्या भागातली, बाळांमध्ये मोठी दिसणारी नॉर्मल ग्रंथी)?

प्रश्न: ८ महिन्यांचं बाळ, ताप-खोकला. झोपवून काढलेली एपी फिल्म (किरण समोरून पाठीकडे जातात). उजवीकडे वर शिडासारखी त्रिकोणी सावली, हृदयही मोठं वाटतंय. न्यूमोनिया म्हणावं का?

उत्तर १: आधी फिल्म कशी निघाली ते बघा. दोन्हीकडच्या बरगड्यांची पुढची टोकं मध्यरेषेपासून समान अंतरावर नसतील, तर बाळ वळलेलं आहे. श्वास पुरेसा घेतला असेल तर उजव्या डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) वर पुढच्या साधारण ६ बरगड्या मोजता यायला हव्यात. रडताना, श्वास सोडताना फिल्म निघाली की फुप्फुसं पांढुरकी, हृदय रुंद आणि श्वासनलिका उजवीकडे वाकलेली दिसते. ती गाठीने सरकली असं समजू नका. तान्ह्यांमध्ये कार्डिओथोरॅसिक रेशो (हृदयाची रुंदी भागिले छातीची रुंदी) ०.६० पर्यंत चालतो, प्रौढांचं ०.५० इथे लावू नये.

उत्तर २: शिडासारखी सावली बहुधा थायमसच. कड बरगड्यांच्या दाबाने लहरी असते, आतून रक्तवाहिन्या दिसतात, श्वासनलिका ढकलली जात नाही. एअर ब्रॉन्कोग्राम (पांढऱ्या सावलीत काळ्या दिसणाऱ्या हवेच्या नळ्या) दिसला तर मात्र न्यूमोनियाकडे झुका. शंका राहिली तर सोनोग्राफी करा, किरणोत्सर्ग नाही. सीटीची घाई कृपया नको.

उत्तर ३: खोकला अचानक, खाता-खेळताना सुरू झाला का, हे आईला जरूर विचारा. तसं असेल तर श्वासनळीत काही अडकलेलं असू शकतं, आणि शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती अडकलेली हवा. श्वास सोडतानाच्या फिल्ममध्ये ती बाजू काळी, फुगलेलीच राहते. एक्स-रे नॉर्मल असला तरी संशय पक्का असेल तर ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनळी तपासणं) टाळू नका.